कोठारातला माल

दिवाळी अंक हातात पडला की आधी राशिभविष्य, मग व्यंगचित्रं. संपादकीयाची पाळी भाऊबीज उलटल्यावर, तीही आली तर. तेव्हा इथे जरा आडवाटेनं गेलं तर कुणाची हरकत नसावी.

मॅगझिन हा शब्द मूळचा अरबी. मख्जन म्हणजे माल साठवायची जागा, कोठार. व्यापाऱ्यांबरोबर तो इटलीत गेला नि मागाझ्झिनो झाला. स्पॅनिश, पोर्तुगीजांनी तर अरबी ‘अल्’सकटच उचलला: आल्मासेन, आर्माझें. सैन्यानं त्यात दारूगोळा भरला. दिल्लीत 11 मे 1857 रोजी इंग्रजांनी स्वतःच उडवून दिलं, ते मॅगझिन याच अर्थाचं.

नियतकालिकाला हे नाव चिकटलं ते लंडनच्या एडवर्ड केव्हमुळे. जानेवारी 1731 मध्ये त्यानं ‘जंटलमन्स मॅगझिन’ काढलं. संपादक म्हणून टोपणनाव घेतलं सिल्व्हेनस अर्बन. म्हणजे अर्धा रानातला, अर्धा शहरातला. इतर पत्रांतले लेख काटछाट करून तो छापायचा. कोठार त्याचं, पण सुरुवातीचा बराचसा माल शेजाऱ्यांचा! पुढे तिथेच लिहू लागलेल्या सॅम्युएल जॉन्सननं 1755 च्या आपल्या कोशात या नव्या अर्थाचं श्रेय केव्हच्या मासिकाला देऊन टाकलं.

फ्रेंचांची गंमत वेगळीच. कोठारावरून दुकान झालेला ‘मागाझां’ त्यांच्या घरात होताच. तरी नियतकालिकासाठी त्यांनी तोच शब्द इंग्रजांकडून परत आणला, ‘एस’च्या जागी ‘झेड’ घालून नि शेवटी एक ‘ई’ जोडून. मॉस्कोत मात्र ‘मागाझीन’ विचारलंत तर लोक किराण्याच्या दुकानाकडे बोट दाखवतील.

त्याच धातूतला ‘खजिना’ फारसीच्या हातून मराठीत आला, पण आपल्याकडे तो सरकारी तिजोरीत जाऊन बसला. आपल्या पत्रांची नावं ‘दर्पण’, ‘दिग्दर्शन’: आरसा दाखवणारी, दिशा दाखवणारी. कोठाराच्या जवळ जातो तो 1867 चा ‘विविधज्ञानविस्तार’. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, तेव्हापासून दिवाळी अंकानं मात्र कथा, कविता, चित्रं, जाहिराती सगळं एकाच छपराखाली घेतलंय. मला हे आरशापेक्षा बरं वाटतं. आरशासमोर एका वेळी एकानंच उभं राहायचं असतं.

या अंकात एकमेकांना खोडून काढणारे दोन लेख शेजारी शेजारी लागले आहेत. मांडणी चुकलेली नाही. लेखकांना आधी कळवलं नव्हतं, आता अंक घरी पोचल्यावर कळेलच.