ताट त्याच्याच घरात वाढा

बॉल पायथनला उंदीर भरवतानाचे रील्स तुम्ही पाहिले असतील. बऱ्याच रील्समध्ये सीन एकच: सापाला त्याच्या काचेच्या पेटीतून उचलायचं, प्लास्टिकच्या टबात ठेवायचं, तिथे खाऊ घालायचं आणि परत पेटीत सोडायचं. कारण काय, तर म्हणे पेटीत खायला दिलं की साप 'चिडका' होतो, झाकण उघडताच हातावर झडप घालतो. ऐकायला पटतं. पण माझ्या मते हा सल्ला सापासाठी वाईट आहे आणि तुमच्या बोटांसाठीही.

साधा हिशोब करा. मोठ्या बॉल पायथनला आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा खायला लागतं. पाणी बदलायला, घाण काढायला पेटी मात्र रोज उघडते. मग झाकण उघडलं म्हणजे जेवण आलं, हे त्याच्या डोक्यात बसणार कसं? साप चावतो तो बहुतेक वेळा हाताला उंदराचा वास असतो म्हणून. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. भुकेच्या वेळी समोर आलेला गरम हात त्याला शिकारच वाटू शकतो. आणि टबवाले काय करतात? नुकताच उंदीर गिळलेल्या, अजून शिकारीच्या मूडमध्ये असलेल्या सापाला उचलून हातात घेतात!

भरल्या पोटी उचलणं तर सगळ्यात वाईट. साप घाबरला की गिळलेलं ओकून टाकतो. आपल्यासारखं 'उलटी झाली, आता बरं वाटतंय' असं त्याचं नसतं. पोटातल्या आम्लाने घसा पोळतो, अंगातलं पाणी जातं, पुढे कितीतरी दिवस त्याला खायला देता येत नाही. शिवाय पचनासाठी त्याला बाहेरून ऊब लागते. ती पेटीच्या गरम कोपऱ्यात असते, टबात कुठली?

तेव्हा पेटीतच द्या. फ्रीझ केलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून, लांब चिमट्याने. (जिवंत उंदीर उलट सापालाच चावतो, कधी कधी भयंकर.) खालचा भुसा पोटात जाईल अशी भीती वाटत असेल तर एक फरशी ठेवा. त्यानंतर 48 तास हात लावायचा नाही, कितीही मित्र बघायला आले तरी. एरवी बाहेर काढताना आधी हुकने हळूच स्पर्श करा. आता जेवण नाही, हे त्याला सवयीने कळतं.

हे सगळं परदेशी सापांबद्दल, बरं का. आपल्याकडची धामण, अजगर, नाग घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तिथे टब की पेटी हा प्रश्नच येत नाही. बॉल पायथनचीही परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. रूममेटची परवानगी वेगळी. उंदरांचा बंद डबा फ्रीझरमध्ये आइस्क्रीमशेजारी ठेवायच्या आत ती घ्या.