एसी जुना, म्हणून कंत्राटदार मोकळा?



इमारत दुरुस्तीसाठी उतरवलेला जुना एसी पुन्हा बसवल्यावर बंद पडला, तर दोष त्याच्या वयाचा, असे एका कंत्राटदार वाचकाने लिहिले आहे. जुना कॉम्प्रेसर कधीही दगा देऊ शकतो, हे मान्य. पण बरेचसे नुकसान काढण्या-बसवण्यातल्या हलगर्जीपणामुळे होते.

एसी चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायचा, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, ही रीत. आमच्या इमारतीत कारागिरांनी थेट नट सोडून गॅस हवेत घालवला. तांब्याच्या नळ्यांची तोंडे उघडीच राहिली, त्यांत सिमेंटची धूळ गेली. बसवताना व्हॅक्यूम न करताच गॅस भरला. यात वयाचा काय संबंध? शिवाय असा हवेत सोडलेला, बऱ्याच जुन्या यंत्रांतला आर-२२ वायू ओझोनच्या थराला मारक आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार, ताब्यात दिलेल्या वस्तूची काळजी सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घ्यावीच लागते. ती घेतली असेल, तर कलम १५२ कंत्राटदारालाही संरक्षण देते. म्हणून उतरवण्यापूर्वी प्रत्येक एसी चालवून पाहावा आणि त्याची स्थिती मालक व कंत्राटदार दोघांच्या सहीने नोंदवावी. ‘जुन्या यंत्राची जबाबदारी आमची नाही’ ही अट सोसायट्यांनी करारात मुळीच मान्य करू नये.

– एक सभासद, ठाणे