पाण्यातील नेचा आणि उतावळा हात

घरात काचेची मत्स्यपेटी आली की मुलांना आनंद होतो आणि वडीलधाऱ्यांमागे एक काम लागते. तळाशी वाळू पसरावी, चार गप्पी मासे सोडावेत, येथवर सारे सोपे असते. परंतु त्या पाण्यात काही हिरवे जगवू म्हटले की बहुधा निराशाच पदरी येते. म्हणून थोड्या उजेडात, खतावाचून आणि मातीवाचूनही वाढणाऱ्या एका वनस्पतीची ओळख आज आम्ही आमच्या वाचक कुटुंबांना करून देत आहोत. तिचे नाव जावा नेचा.

पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर आणि ओलसर भिंतीवर उगवणारा नेचा आपल्या परिचयाचा आहे. त्याला फूल नाही, बी नाही. जावा नेचा हा त्याचाच पाणथळ भाऊबंद. आग्नेय आशियात ओढ्याकाठच्या दगडांना आणि झाडांच्या मुळांना चिकटून तो वाढतो. १८२८ साली ब्लूमे या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याने दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थ ‘पंख असलेला पाय’ असा होतो.

आम्ही हे रोप प्रथम आणले तेव्हा मोठीच चूक केली. त्याचे आडवे खोड हळदीच्या कंदासारखे दिसले, म्हणून हळदीसारखेच वाळूत पुरले. वर भरपूर उजेड हवा म्हणून पेटी उन्हाच्या खिडकीत ठेवली. महिन्याभरात काचेवर शेवाळ चढले, खोड मऊ व काळे पडले आणि पाण्याला दुर्गंधी येऊ लागली. रोप दुर्लक्षाने मेले नव्हते. आमच्या अति काळजीने मेले होते.

दुसऱ्या खेपेस आम्ही शहाणे झालो. ओंजळीएवढा खडबडीत काळा दगड घेतला, स्वच्छ धुतला आणि नेच्याचे खोड शिवणाच्या सुती दोऱ्याने त्यावर सैलसर बांधले. नायलॉनचा दोरा मात्र घेऊ नये. तो कुजत नाही. सुती दोरा काही आठवड्यांत कुजून गळून पडतो आणि तोवर नेच्याच्या मुळांनी दगड घट्ट धरलेला असतो.

बाकीची निगा अगदी थोडी. पाणी २० ते २८ अंश सेल्सिअस असावे. आपल्याकडे बहुतेक दिवस त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. थेट ऊन पडू देऊ नये. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे, सगळे कधीही बदलू नये. नळाचे पाणी असल्यास ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाते. समुद्रावरून मुलांनी वेचून आणलेले शंखशिंपले पेटीत घालू नयेत. त्यांनी पाणी जड होते. माशांच्या विष्ठेतून या नेच्याला पुरेसे पोषण मिळते. त्याची पाने चिवट असल्याने मासे ती सहसा खात नाहीत आणि गप्पीच्या पिल्लांना त्यांच्याआड आसरा मिळतो.

काही महिन्यांनी एका जुन्या पानावर काळपट ठिपके उमटले. रोग पसरेल या भीतीने आम्ही कात्री हाती घेतली, तोच आमच्या मातोश्री म्हणाल्या, “अरे, पानफुटीचे पान कधी पाहिले नाहीस का? आठ दिवस थांब तरी.” आम्ही थांबलो. त्या ठिपक्यांतून इवलीशी रोपे फुटली आणि त्यांना मुळेही आली. जे पान आम्ही मेले समजलो होतो, तेच लेकुरवाळे झाले होते. तीन-चार पाने आल्यावर ती रोपे अलगद सोडवून आम्ही दुसऱ्या दगडांवर बांधली. त्यांतील एक दगड नाताळात शेजारच्या घरी भेट म्हणून गेला.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. पेटीतील वाढीव वनस्पती विहिरीत, तळ्यात वा ओढ्यात टाकू नये. साल्व्हिनिया नावाचा, पाण्यावर तरंगणारा एक नेचा मूळचा ब्राझीलचा. केरळात तो पसरला तेव्हा त्याने कालवे आणि भातशेती झाकून टाकली, होड्यांची वाट अडवली. त्याला आवर घालण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात त्याच्याच मायदेशीचा सोंडकिडा आणून सोडावा लागला. नको असलेले रोप उन्हात वाळवावे आणि मग खतखड्ड्यात टाकावे.

संत मार्कच्या शुभवर्तमानात आपोआप वाढणाऱ्या बीजाचा दाखला आहे. शेतकऱ्याचे काम पेरण्याचे. वाढ देणारा दुसराच असतो. मुलांच्या बाबतीत आम्हा आईबापांना याचा वारंवार विसर पडतो. आम्ही त्यांना आमच्या इच्छेच्या वाळूत खोल पुरतो आणि पहिला डाग दिसताच कात्री उचलतो. त्यांना आधार हवा तो त्या सुती दोऱ्यासारखा : मूळ धरेपर्यंत सांभाळणारा आणि मग निमूटपणे गळून जाणारा.