वारीचा वैद्य पालखीआधी भेटावा

ज्येष्ठ महिना लागला की पालखी मार्गावर आपल्या व्यवसायाचे दर्शन ठळकपणे घडू लागते. संघटनांचे फलक लागतात, तेलाचे डबे उघडतात, वारकऱ्यांच्या पायांना मर्दन होते, चूर्णाच्या पुड्या विनामूल्य वाटल्या जातात. ही सेवा पुण्यप्रद आहे, याविषयी दुमत नाही. तथापि, वारकऱ्याला वैद्याची खरी गरज केव्हा असते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलेला नाही. माझ्या मते ती गरज पालखी हलण्यापूर्वी दोन-तीन महिने असते आणि नेमक्या त्या काळात आपण गप्प असतो.

आपल्या शास्त्राच्या दृष्टीने पाहू. 2025 साली माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान 19 जूनला झाले आणि आषाढी एकादशी 6 जुलैला आली. म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरची वाटचाल अठरा दिवसांत. हा काळ आदानकालाचा शेवट. शरीरबल हीन, अग्नी मंद, ग्रीष्मात संचित झालेला वात पावसाच्या पहिल्या सरींबरोबर प्रकोपाकडे निघालेला. ऋतुचर्येत ग्रीष्म आणि वर्षा या दोन्ही ऋतूंत अतिव्यायाम वर्ज्य सांगितला आहे. शास्त्र ज्या काळात विश्रांती सांगते, त्याच काळात परंपरा चालायला सांगते. वारी बंद करा, असे कोणताही शहाणा वैद्य म्हणणार नाही. म्हणूनच बल आधी कमावून ठेवणे, हा एकच मार्ग उरतो. त्यासाठी वसंत ऋतू आहे. तेव्हा अर्धशक्ती व्यायाम विहित आहे आणि गुढीपाडव्यापासून ज्येष्ठापर्यंत पुरेसा अवधीही मिळतो.

करी रोड, लालबाग, परळ या परिसरात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांच्या चाळींत भजनी मंडळे रुजली. तो कामगार पाळीभर साच्यावर उभा राहणारा, कामावर पायी जाणारा होता. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्याच घरातील मुलगा आज दहा तास खुर्चीवर बसतो. श्रद्धा वडिलांची मिळाली, पाय मात्र मिळाले नाहीत. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा सुमारे तीस किलोमीटरचा टप्पा तो आयुष्यात प्रथमच चालतो, तोही वारीच्या आरंभीच. रामनवमीला मुंबईहून शिर्डीला निघणाऱ्या पदयात्रींची स्थिती याहून कठीण. चैत्राचे ऊन, कसारा घाट, तापलेली डांबरी सडक आणि पुष्कळांचे अनवाणी पाय. त्यांची तयारी तर माघातच सुरू व्हायला हवी.

ही तयारी खर्चिक नाही. पहिल्या आठवड्यात अर्धा तास चालावे. कपाळावर व काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडू लागली की अर्धशक्ती झाली असे समजून थांबावे. आठ-दहा आठवड्यांत क्रमाने दोन-अडीच तासांपर्यंत जावे. आमच्याकडील रुग्णांना मी करी रोडहून प्रभादेवीच्या सिद्धिविनायकापर्यंत पायी जाऊन परत यायला सांगतो. हे अंतर सहा किलोमीटरच्या आसपास भरते. घाटासाठी इमारतीचा जिना आहेच. पादत्राण नवे घेऊन निघू नये. निदान महिनाभर वापरून ते पायाला सरावलेले असावे. रात्री पादाभ्यंग करावा. तो खरता, स्तब्धता, श्रम आणि सुप्ती दूर करतो, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. तो वाटेत एक दिवस करून भागत नाही. नित्य केला तरच फळतो.

आहाराच्या बाबतीत चरकाचार्यांचे श्रमहर दशेमानि आपल्या हाताशी आहे. द्राक्षा, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, सातू आणि साठीचा तांदूळ. यांतील मनुका, खजूर आणि सातूचे पीठ झोळीत सहज मावते. कोणतेही बलवर्धक डबाबंद चूर्ण याहून अधिक काय देणार?

आता थोडे स्पष्ट बोलतो. अलीकडे 'वारीपूर्व पंचकर्म' असे फलक दिसू लागले आहेत. विरेचनानंतर संसर्जनक्रम पाळावा लागतो आणि बल परत यायला अवधी लागतो, हे ठाऊक असूनही प्रस्थानाच्या आठवड्यात शोधन देणे ही रुग्णाची फसवणूक आहे. अध्वकर्शितांसाठी, फारसा परिहार नसलेली मात्राबस्ती ग्रंथोक्त आहे. ती द्यावी, शोधन योग्य काळी करावे.

मधुमेही रुग्णाकडे तर विशेष लक्ष हवे. काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना रोज वीस किलोमीटर चालल्यास साखर अकस्मात उतरू शकते. पायाची संवेदना कमी झालेल्याला फोड आलेला कळतही नाही. अशा रुग्णाने अनवाणी चालू नये, हे त्याच्या नवसाचा मान राखूनही ठामपणे सांगितले पाहिजे. त्याची आधुनिक औषधे परस्पर बंद करण्याचा सल्ला आपण देऊ नये; त्याच्या डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी. स्त्रियांना आणखी एक गोष्ट आवर्जून विचारावी. मार्गावर शौचालयांची सोय वाढली असली, तरी आडोशाच्या चिंतेने अनेकजणी पाणीच कमी पितात आणि वेग धरून ठेवतात. मूत्रवेगधारणाचे परिणाम आपल्याला निराळे सांगायला नकोत.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. वारीला निघालेला माणूस दुकानात येऊन गुडघ्याच्या गोळ्यांचे पाकीट मागतो. शरीरातील पाणी कमी झालेले असताना डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्यास वृक्कांना इजा होऊ शकते. चिठ्ठीवाचून त्या देऊ नयेत. त्याहून घातक आहेत त्या बिननावाच्या, 'एका दिवसात आराम' देणाऱ्या आयुर्वेदिक पुड्या. असा चमत्कार घडवणाऱ्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संशय घ्यायलाच हवा. वेष्टनावर घटकद्रव्ये आणि परवाना क्रमांक असावा, असा कायद्याचा दंडक आहे. तो नसलेला माल दुकानात ठेवणे म्हणजे आपल्याच शास्त्राच्या नावावर विष विकणे होय.

माझा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक शाखेने पुढील गुढीपाडव्यापासून आठवड्यातून एक सायंकाळ वारीच्या पूर्वतयारीसाठी राखावी. भजनी मंडळांत स्वतः जावे. नाडी, वजन, रक्तदाब, साखर आणि तळपाय तपासावेत. कोणी चालावे, कोणी थोडे टप्पेच चालावे आणि कोणी वाहनाने जावे, हे निःसंकोच सांगावे. तिसरा सल्ला देणे कठीण असते, कारण ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. परंतु तो देण्याचे धैर्य नसेल, तर वाटेवरच्या आपल्या तेलाच्या डब्याला फारसा अर्थ उरत नाही. मार्गावरील शिबिरे चालू राहोतच; पण तेथे येणारी रांग दरवर्षी थोडी आखूड झाली, तर आपल्या सेवेचे यश त्यात मोजावे.