अनपेक्षित विजयाचे ऋण

दि. २ नोव्हेंबर २०२५ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास नवी मुंबईच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारतीय महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव केला आणि एकदिवसीय विश्वचषक प्रथमच भारतात आला. त्या रात्री देशभर फटाके वाजले. सांगलीकरांच्या आनंदाला तर विशेष कारण होते. संघाची उपकर्णधार स्मृती मानधना ही त्यांच्याच माधवनगर परिसरात वाढलेली. दुसऱ्या दिवसापासून बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द होता – चमत्कार!

हा शब्द गौरवाचा खरा; पण तो सोयीचाही आहे. एखाद्या यशाला चमत्कार म्हटले की त्यामागे कोण झिजले, कोणी काय गहाण ठेवले आणि समाज म्हणून कोणाचे काय देणे लागते, याचा हिशेब करावा लागत नाही. नवी मुंबईतील विजयाचा हिशेब मात्र केलाच पाहिजे.

पराभवांच्या मालिकेतून

यजमान असूनही या संघाची वाटचाल सुखाची नव्हती. श्रीलंका आणि पाकिस्तान यांच्यावर विजय मिळवून प्रारंभ झाला आणि मग सलग तीन पराभव पदरी पडले. विशाखापट्टणम येथे दक्षिण आफ्रिकेने हातातला सामना हिरावून नेला. त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाने ३३१ धावांचे लक्ष्य पार केले. दि. १९ ऑक्टोबरला इंदूर येथे इंग्लंडविरुद्ध विजय दृष्टिपथात असताना अवघ्या ४ धावांनी हार झाली. त्या सामन्यात ८८ धावा करून स्मृती मानधना बाद झाली आणि डाव घसरला. पराभवाची जबाबदारी तिने जाहीरपणे स्वतःकडे घेतली. चारच दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध तिने १०९ धावांची खेळी केली, प्रतिका रावळने १२२ धावा केल्या आणि संघ उपांत्य फेरीत पोहोचला. कारणे न सांगता कर्तव्याला लागणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ होता.

उपांत्य सामन्यात गाठ पुन्हा ऑस्ट्रेलियाशीच होती. सात वेळा जगज्जेता ठरलेला आणि २०१७ च्या उपांत्य सामन्यानंतर विश्वचषकात एकदाही न हरलेला हा संघ. त्याने ३३८ धावांचा डोंगर उभा केला. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये तोवर एवढे लक्ष्य कोणीही गाठले नव्हते. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ते गाठून दिले. तिला याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध संघाबाहेर बसावे लागले होते! अंतिम सामन्याची नायिका शफाली वर्मा हिचे तर मूळ चमूत नावही नव्हते. प्रतिका जायबंदी झाल्यामुळे तिला ऐनवेळी बोलावणे आले. तिने ८७ धावा केल्या, दोन बळीही घेतले. आग्र्याच्या दीप्ती शर्माने अर्धशतकासह पाच बळी मिळवले.

हा संघ म्हणजे देशाचे लघुरूपच होते. मोग्याची हरमनप्रीत, सिलिगुडीची रिचा, कडप्पा जिल्ह्याची श्री चरणी, छतरपूर जिल्ह्यातील घुवारा गावची क्रांती गौड आणि सांगलीची स्मृती. महानगरांच्या झगमगाटापासून दूर असलेल्या या गावांनी भारताला विश्वविजेतेपद दिले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

सतरा अकरांचे पुण्य

महिला क्रिकेटची देशव्यापी संघटना १९७३ साली स्थापन झाली आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात भरली. संघ होते अवघे तीन – मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या पिढीच्या खेळाडूंनी आरक्षण नसलेल्या डब्यांतून प्रवास केला, वसतिशाळांच्या जमिनीवर अंथरूण टाकले आणि खेळ जिवंत ठेवला. पुरुषांच्या क्रिकेटची श्रीमंत नियामक संस्था महिलांच्या मदतीला आली ती २००६ मध्ये. २००५ आणि २०१७ या दोन्ही अंतिम सामन्यांत भारत हरला. लॉर्ड्सवर २०१७ साली तर केवळ ९ धावा कमी पडल्या. त्या सामन्यात स्मृती शून्यावर बाद झाली होती. आठ वर्षांनंतरच्या अंतिम सामन्यात तिने ४५ धावा करून शफालीसह शतकी सलामी दिली. संपूर्ण स्पर्धेतील तिच्या ४३४ धावा हा एका विश्वचषकात भारतीय महिलेने केलेल्या धावांचा उच्चांक ठरला.

प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांची कथाही याच जातकुळीची आहे. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांहून अधिक धावा करूनही त्यांना भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. तेंडुलकर आणि कांबळी यांनी शालेय सामन्यात ६६४ धावांची भागीदारी रचली, तेव्हा पॅड बांधून वाट पाहत बसलेला पुढचा फलंदाज हाच होता. आयुष्याने नाकारलेल्या संधीची कडवटपणे उजळणी करण्याऐवजी त्यांनी दुसऱ्यांच्या संधीसाठी आपले ज्ञान वेचले. विजयानंतर खेळाडूंनी तो चषक मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हाती दिला. पूर्वसुरींचे ऋण मानण्याची ही रीत भारतीय मनाला नव्याने शिकवावी लागत नाही.

कृष्णाकाठचा वारसा

सातारा आणि सांगली हे मुळात सख्खे जिल्हे. आजच्या सांगली जिल्ह्याचे नाव १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ असे होते. या भूमीला अनपेक्षित विजयाची परंपरा आहे. भारताने १९३२ साली कसोटी क्रिकेटमध्ये पाऊल टाकले आणि पहिल्या विजयासाठी वीस वर्षे वाट पाहिली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडवर डावाने मात झाली, तेव्हा भारताचे कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. कालपर्यंत राज्य करणाऱ्यांवर, त्यांच्याच खेळात मिळवलेला तो विजय होता. त्याच वर्षी जुलैमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. शासनाने अर्जुन पुरस्काराने त्यांची दखल घेतली, ती मात्र मृत्यूनंतर.

एकाहत्तर वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, हीच कथा साताऱ्यात पुन्हा घडली. बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि साताऱ्याची अदिती स्वामी यांच्या संघाने कंपाउंड प्रकारात मेक्सिकोला २३५–२२९ असे हरवले. या स्पर्धेच्या इतिहासातील भारताचे ते पहिले सुवर्णपदक! दुसऱ्याच दिवशी अदितीने वैयक्तिक सुवर्णही पटकावले. तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. तिचा सराव चाले तो साताऱ्याजवळ उसाच्या शेतात उभ्या केलेल्या प्रबोधिनीत. तेथील प्रशिक्षक प्रवीण सावंत हे पोलीस दलातील कर्मचारी. मुलीला सराव करता यावा म्हणून शिक्षक वडिलांनी खेड्यातून शहरात बिऱ्हाड हलवले आणि धनुष्यबाणांसाठी कर्ज काढले. १९५२ मध्ये प्राचार्यांचे घर गहाण पडले, नंतर एका शिक्षकाच्या डोक्यावर कर्ज चढले. सत्तर वर्षांत देशाने अवकाशाला गवसणी घातली; पण उदयोन्मुख खेळाडूच्या पहिल्या पायरीचा भार अजूनही घरच्यांच्याच खांद्यावर आहे.

सत्काराआधीची साथ

यावर कोणी म्हणेल, आता पैसा आला आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. २०२२ मध्ये महिला खेळाडूंना पुरुषांइतकेच सामना मानधन देण्याचा निर्णय झाला, २०२३ पासून महिला प्रीमियर लीग सुरू झाली आणि विश्वविजेत्या संघाला नियामक मंडळाने ५१ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. हे निर्णय स्वागतार्हच आहेत, आणि नवी मुंबईच्या विजयात त्यांचा वाटाही आहे. परंतु हा ओघ शिखरावर पोहोचलेल्यांसाठी आहे. खरी परीक्षा नऊ ते सतरा या वयात होते. मैदान दूर असते, साधने महाग असतात, सायंकाळी मुलीला आणायला-सोडायला कोणी नसते आणि दहावीचे वर्ष येताच ‘आता पुरे झाले खेळ’ असा निकाल घरातच लागतो. असे किती गुण मातीत विरले, याची गणना कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. क्रिकेटला निदान बाजारपेठ तरी आहे. तिरंदाजीला, धावण्याला, खो-खोला तीही नाही.

याचे उत्तर परदेशातून आणण्याची गरज नाही. सातारा-सांगलीच्या तालमींकडे पाहिले तरी पुरे. गावाने मल्ल पोसावा, कोणी दूध द्यावे, कोणी तूप-बदाम द्यावेत, वस्तादाने मोबदल्याचा विचार न करता डाव शिकवावेत आणि जत्रेच्या फडात जिंकलेली ढाल साऱ्या गावाची मानावी, ही येथील जुनी रीत. मल्ल एका घरचा असे, पण त्याचा भार साऱ्या गावाचा. हाच भाव आता गावोगावच्या लेकींसाठी जागवावा लागेल. शाळेच्या मैदानावर मुलींसाठी ठरावीक वेळ राखून ठेवणे, तालुक्यात एक जाणता प्रशिक्षक आणि सुरक्षित ये-जा यांची सोय करणे, महागडी साधने गरजू खेळाडूंना आळीपाळीने वापरता येतील अशी साधनपेढी उभारणे, ही कामे एखादे तरुण मंडळ, सहकारी संस्था किंवा माजी विद्यार्थी संघ सहज करू शकतो. मिरवणुकीच्या एका दिवसाचा खर्च अशा पेढीत पडला, तर एखाद्या घरचे कर्ज टळेल. शासनाचे उत्तरदायित्व यामुळे कमी होत नाही. मात्र शासनाची वाट पाहत बसण्याइतके मुलीचे बालपण लांब नसते.

खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घालणे उचितच आहे. त्यासोबत प्रत्येक गावाने आपल्या मैदानावर उभ्या असलेल्या, अद्याप कोणालाही ठाऊक नसलेल्या एका मुलीचा सरावाचा भार उचलण्याचा संकल्प केला, तर १९५२ चे ते गहाणखत खऱ्या अर्थाने फिटेल.