वैमानिक व्हावे कोणी?

मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि दाबोळीला जोड मिळाली. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. एवढी विमाने यावयाची म्हणजे ती चालविणारेही हजारोंनी लागणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी झालेल्या आमच्या मुलामुलींना या व्यवसायाची ओढ वाटली तर त्यात नवल नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या पालकांच्या ऐपतीचा.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा आणि कडक वैद्यकीय तपासणी यांतून जावे लागते. एवढ्याचाच खर्च आज पन्नास लाखांच्या आगेमागे जातो. परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असेही नव्हे. एअरबस ए-३२० सारखे विमान चालवावयाचे तर त्या जातीच्या विमानाचे स्वतंत्र शिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, घ्यावे लागते. त्याला आणखी पंधरा-वीस लाख. कंपन्यांच्या कॅडेट योजनेतून गेल्यास एकूण आकडा कोटीला भिडतो.

बँका कर्ज देतात. पण साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागतात. गोमंतकातील सामान्य कुटुंबाजवळ तारण म्हणून असते ते वाडवडिलांचे घर. त्या घराला दहा वारसदार. सर्वांच्या सह्या झाल्याशिवाय कागद हलत नाही. मुंडकाराची स्थिती तर याहून बिकट. तेव्हा गुणवत्ता असूनही मुलगा वा मुलगी दाराशीच अडते.

वैमानिकाचे वेतन भरघोस असते, ते कर्ज सहज फेडील, असे यावर उत्तर दिले जाते. सहवैमानिकाला महिन्याकाठी लाखाच्या वर आणि कप्तानाला त्याच्या कित्येक पट मिळते, हे खरे. परंतु कप्तानपदाला लागणारा वरिष्ठ परवाना १५०० तासांच्या उड्डाणाशिवाय मिळत नाही. शिवाय २०१२ साली किंगफिशर, २०१९ साली जेट एअरवेज आणि २०२३ साली गो फर्स्ट यांची विमाने जमिनीवर आली, तेव्हा वैमानिकांचे पगार थांबले. बँकेचे हप्ते थांबले नाहीत. उद्या वैद्यकीय तपासणीत एखादा दोष निघाला तरी तीच गत.

हा केवळ काही कुटुंबांचा प्रश्न आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळताना इंडिगोला मनुष्यबळ अपुरे पडले, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि अखेर सरकारला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. आजचे उड्डाण थकव्यामुळे मला झेपणार नाही, असे सांगण्याचे धैर्य वैमानिकाजवळ असावे लागते. डोक्यावर पाऊण कोटीचे ऋण असलेल्या पंचविशीतल्या तरुणाकडून त्या धैर्याची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? त्याच्या मागे बसलेल्या दीडशे-दोनशे प्रवाशांचा जीव याच धैर्यावर अवलंबून असतो.

वायुदलाचा वैमानिक घडविण्याचा खर्च देश उचलतो. नागरी वैमानिकाचा सर्व भार सरकारने उचलावा, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या कंपन्यांना त्याच्या कौशल्यावर नफा मिळवावयाचा आहे, त्यांनी निदान टाइप रेटिंगचा खर्च आपल्या अंगावर घ्यावा. हवे तर ठराविक वर्षांच्या सेवेची अट घालावी. बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची प्रथा गोव्यात आहेच. वैमानिक होऊ पाहणाऱ्याला ती खऱ्या खर्चाच्या प्रमाणात आणि तारणाविना लाभावी. शेजारच्या बेळगाव विमानतळाची उड्डाण शिक्षणासाठी २०२१ साली निवड झाली आणि अशा संस्थांवरील विमानतळाचे स्वामित्वशुल्कही केंद्राने माफ केले. या सवलतीचा लाभ विद्यार्थ्याच्या शुल्कात उतरला काय, याचा जाब कोणी तरी विचारावयास हवा.

विमानतळासाठी पेडण्याच्या शेतकऱ्याने जमिनी दिल्या. त्याच्या मुलाने तेथे केवळ सामान वाहावे आणि विमान मात्र धनिकाच्या मुलाने चालवावे, ही वाटणी न्यायाची नव्हे. कॉकपिटची वाट गुणांवरून जावी, सातबाऱ्यावरून नव्हे.