गुळवेल कुणाची?

झाशीच्या इलाइट चौराह्यावर गुळवेल मागायची तर ‘गिलोय’ म्हणावं लागतं. नाव बदललं तरी वेल तीच, कडू आणि गुणाची. डबीवर कंपनीचं नाव ठळक छापलेलं असतं. ही वेल रानातून शोधून आणणारे मात्र डबीवर कुठंच नसतात. मंडळी, आज त्यांच्याविषयी.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कातकरी समाज राहतो. पूर्वी हे लोक खैराच्या लाकडापासून कात काढत, त्यावरूनच हे नाव पडलं. तो धंदा गेला आणि नशिबी वीटभट्टी आली. पावसाळा सरला की बिऱ्हाड उचलून मजुरीला जायचं. कुठली वेल कशावर चालते हे घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, पण त्या माहितीवर चूल पेटत नव्हती.

मग तिथल्याच काही कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली. आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था उभी राहिली. केंद्र सरकारच्या वनधन योजनेची जोड मिळाली. डाबर, हिमालय अशा कंपन्यांकडून ४५० टन गुळवेलीची मागणी आली, रक्कम १ कोटी ५७ लाख रुपये! त्यांच्या गिऱ्हाइकांत बैद्यनाथचंही नाव आहे, आणि बैद्यनाथचा एक कारखाना झाशीतच आहे.

आता हिशेब करून पाहा. किलोला जेमतेम ३५ रुपये पडतात. तीच वेल पूड होऊन डबीत गेली की भाव कितीतरी पट चढतो. म्हणून वाळवणं, दळणं, पुड्या भरणं ही कामं गावातच झाली पाहिजेत. शहापूरकरांनी पूड विकायला घेतली, ती याचसाठी.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनाविक भागात इनुइट लोकांनी हीच वाट धरली. तिथल्या बर्फाळ माळावरच्या झुडपांची पानं ते पिढ्यान्‌पिढ्या उकळून पितात. त्यांच्याच अवाताक या सांस्कृतिक संस्थेनं तो काढा चहाच्या रूपात बाजारात आणला.

वेलीलाही जपायला हवं. मुळासकट उपटली तर पुढच्या वर्षी काय तोडणार? खालचा भाग राखून कापली की ती पुन्हा फुटते.

आणि हो, गुळवेल घ्यायची तर वैद्यांना विचारून घ्या. दुकानदाराला मात्र एक जरूर विचारा, ‘ही कुठल्या रानातली?’ गिऱ्हाईक विचारू लागलं, तर आज ना उद्या डबीवर गावाचं नावही येईल.